मुखत्यार नेमण्यापूर्वी

(कोरमंगला, बंगळूर येथे निवृत्त कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या मराठी भाषणाचा मजकूर)



मला बोलवायला आलेल्या मित्रांनी सांगितले की, यावेळी पेन्शनवाढीवर बोलू नका, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, कागदपत्रांवर बोला. मी वकील नाही. तीस-बत्तीस वर्षे कारखान्यात काढली, त्यातली वीस युनियनच्या कामात गेली. कागद वाचायची सवय मॅनेजमेंटने लावली. एकदा न वाचता सही केली की काय होते ते एका करारात पाहिले आणि तेव्हापासून चष्म्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तेव्हा एका कामगाराने दुसऱ्याला सांगावे तसे मी सांगणार आहे. विषय आहे मुखत्यारपत्र, ज्याला इथे बंगळूरमध्ये जो-तो जी.पी.ए. म्हणतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे घर दोन ठिकाणी आहे. कोणाची जमीन कराडकडे, कोणाचा वाडा निपाणीला, कोणाच्या आईच्या नावचे घर बेळगावात. आपण मात्र एच.ए.एल., बी.ई.एल., आय.टी.आय., एच.एम.टी. यांच्या भोंग्यांवर आयुष्य काढून इथेच राहिलो. आणि आता मुले आपल्याहून लांब गेली. इथे राहून तिथला व्यवहार बघायचा, तर मधे विश्वासाचा माणूस लागतोच. ही अडचण काही आजची नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने हे शहर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे आले. राजे इथे आणि जहागीर पुण्याला! पुण्याचा कारभार पाहायला त्यांनी दादोजी कोंडदेवांना नेमले. दादोजी गुरू होते की नव्हते यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला, त्यात मला पडायचे नाही. ते शहाजीराजांचे कारभारी होते एवढेच आज मला पुरते. त्यांची आख्यायिका तुम्ही लहानपणी ऐकली असेल. मालकाच्या बागेतला आंबा विचारल्यावाचून तोडला म्हणून स्वतःचा हात तोडायला निघाले, लोकांनी अडवले, तेव्हा अंगरख्याची एक बाही आखूड करून घेतली. खरी की खोटी, देव जाणे. पण मुखत्यार कसा असावा हे सांगायला लोकांनी ती जपून ठेवली आहे.

आता कायदा. १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा आजही चालू आहे. अगदी छोटा कायदा आहे, चार-पाच कलमांचा. मुखत्यारपत्र म्हणजे काय? एका ठरावीक माणसाला आपल्या वतीने व आपल्या नावाने काम करण्याचा अधिकार देणारा लेख. बाकी सगळे, म्हणजे मालक आणि त्याने नेमलेला माणूस यांचे एकमेकांशी नाते काय, कोणी कोणाला काय देणे लागतो, हे १८७२ च्या करार कायद्यात, कलम १८२ पासून पुढे लिहिले आहे.

त्या १८८२ च्या कायद्यातले पाचवे कलम इथे बसलेल्या भगिनींसाठी वाचून दाखवतो. विवाहित सज्ञान स्त्रीला, जणू तिचे लग्नच झालेले नाही अशा रीतीने, स्वतःचा मुखत्यार नेमता येतो. म्हणजे नवऱ्याची संमती नको, सही नको. त्याच साली पुण्यात ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ निघाले होते हे लक्षात घ्या, म्हणजे या ओळीचे वजन कळेल. आपल्या घरात अजूनही बाईच्या नावच्या जमिनीच्या कागदावर सही कोठे करायची ते नवरा बोट ठेवून दाखवतो, ते वेगळे.

मुखत्यारपत्र दोन प्रकारचे असते. एक खास, म्हणजे एका कामापुरते: अमुक गट नंबरच्या जमिनीची मोजणी करून घेणे, अमुक घराचे भाडे वसूल करणे. दुसरे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे सगळ्या कामांसाठी. नोटरीच्या टेबलावर जो छापील नमुना मिळतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. विकणे, गहाण टाकणे, कर्ज काढणे, कोर्टात तडजोड करणे, दुसरा मुखत्यार नेमणे, सगळे त्यात भरलेले असते. आपल्याला हवे असते काय? घरपट्टी भरायला एक माणूस. आणि आपण देतो काय? घर विकण्याचा अधिकार. दहा कलमांपैकी जी लागत नाहीत ती काट मारून खोडा आणि खोडलेल्या जागी सही करा. नोटरी कंटाळेल, कंटाळू द्या.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. हे माझ्यावरच गुदरलेले आहे.

माझ्या शॉपमधला एक सोबती होता. टर्नर होता, हात असा की मायक्रोमीटर नंतर लावायचा, आधी बोटांनीच सांगायचा. इथेच, कोरमंगलात, घर बांधून राहिला. मुलगा अमेरिकेत. निवृत्तीनंतर नवरा-बायको सहा महिने मुलाकडे जायला निघाले तेव्हा त्याने मला मुखत्यारपत्र करून दिले. बँकेतले खाते चालवणे, वरच्या मजल्याचे भाडे घेणे, पाणी-विजेची बिले भरणे. सहा महिने मी ते केले. दोघे परत आले, मी हिशेब दिला, चहा घेतला आणि कागद माझ्या कपाटात तसाच राहिला. रद्द करून घ्यायचे त्याच्याही डोक्यात आले नाही, माझ्याही नाही.

दोन वर्षांनी एका पहाटे त्याला झटका आला. इस्पितळात नेले तेव्हा शुद्ध नव्हती. संध्याकाळपर्यंत मोठी रक्कम भरायची होती. पेन्शनचे खाते त्याच्या एकट्याच्या नावे, मुदतठेवी एकट्याच्या नावे. वहिनींचे नाव सगळीकडे होते, पण नॉमिनी म्हणून. आणि नॉमिनीचा अधिकार माणूस गेल्यावर सुरू होतो. आमचा सोबती गेलेला नव्हता आणि जागाही नव्हता. अशा माणसासाठी फॉर्मवर रकानाच नाही.

मुलाचा फोन आला. “काका, तुमच्याकडे बाबांचे मुखत्यारपत्र आहे ना? तेवढे पैसे काढा.” मलाही तेच वाटले होते. कपाटातून कागद काढला, चेक लिहिला, बँकेत गेलो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने कागद पाहिला, सही पडताळली, सगळे ठीक होते. मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, “सर कसे आहेत?”

बंधूंनो, मी त्या वेळी “बरे आहेत” म्हणालो असतो तर पैसे मिळाले असते. मी खरे सांगितले. त्याने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, “मग हा कागद आता चालत नाही.”

मी भांडलो. युनियनचा माणूस, आवाज चढवायची सवय. पण घरी येऊन कायदा काढून वाचला आणि तो अधिकारी बरोबर होता. करार कायद्याचे कलम २०१ असे आहे की, मालकाने अधिकार काढून घेतला, मुखत्याराने काम सोडले, काम पूर्ण झाले, दोघांपैकी कोणी मेले, दोघांपैकी कोणाची समज गेली, किंवा मालकाचे दिवाळे निघाले, की मुखत्यारी संपते. मुखत्यार म्हणजे मालकाचा हात. मालकाला स्वतः जे करता येत नाही ते त्याच्या हाताला कसे करता येईल? असा तो विचार आहे. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हा कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो गळून पडतो. सभागृहात किती जणांना हे माहीत होते? हात वर करा. ... पाच. मला तर त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते, आणि मी स्वतः मुखत्यार होतो.

त्याच कायद्यात २०९ वे कलम आहे. मालक मेला किंवा त्याची समज गेली, तर मुखत्याराने त्याच्या सोपवलेल्या गोष्टींच्या रक्षणासाठी जे वाजवी ते करावे, असे त्यात सांगितले आहे. दार उघडे टाकून निघून जायचे नाही. पण हे राखण करण्याचे कर्तव्य आहे, खात्यातून पैसे काढण्याचा परवाना नव्हे. आणि १८८२ च्या कायद्याचे तिसरे कलम मुखत्याराला थोडे संरक्षण देते: मालक मेल्याचे किंवा त्याची समज गेल्याचे खरोखरच माहीत नसताना प्रामाणिकपणे पैसे दिले-घेतले, तर तो दोषी नाही. मला तर माहीत होते. मी स्वतः त्याला स्ट्रेचरवर घातले होते.

पैशांची सोय आपली जी पद्धत आहे तशी झाली. शॉपमधल्या जुन्या लोकांनी संध्याकाळपर्यंत गोळा केले. १९८०-८१ च्या सत्त्याहत्तर दिवसांच्या संपात ज्यांनी एकमेकांच्या घरी तांदूळ पोचवले होते, तीच माणसे. पण ही काही व्यवस्था नाही. ज्याच्या मागे असे लोक नाहीत त्याने काय करावे?

अकराव्या दिवशी त्याने डोळे उघडले. उजवा हात गेला होता, वाचा गेली होती. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की आता याला काही कळत नाही. पण मी त्याच्या उशाशी बसून शॉपमधले एक जुने नाव घेतले, ज्या फोरमनशी त्याचे कधी पटले नाही त्याचे. त्याने अशा काही भुवया वर केल्या की मी ओळखले, सगळे शाबूत आहे. इथे कायदा काय म्हणतो ते महत्त्वाचे आहे. कलम १२ प्रमाणे, व्यवहार काय आहे हे समजण्याची आणि आपल्या हिताच्या दृष्टीने त्याचा विचार करण्याची कुवत ज्याच्यात आहे, तो सुबुद्ध. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, म्हणून समज गेली असे होत नाही. डॉक्टरांनी तपासून तसे लेखी दिले.

मग बँकेचा तोच अधिकारी इस्पितळात आला. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आजारी, वृद्ध व असहाय खातेदारांसाठी फार स्पष्ट आहेत, पण आपल्याला कोणी सांगत नाही. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उमटवता येत नसेल तर नुसती एखादी खूणसुद्धा चालते, त्याच पद्धतीने साक्षांकित करून. त्याने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. पहिले काम, खात्यात पत्नीचे नाव ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ या पद्धतीने घालणे. पेन्शनचे खाते पत्नीबरोबर संयुक्त ठेवता येते, हे तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी उद्याच बँकेत जावे. मला जे बँकेत चिडायला लावणारे वाटले, त्या माणसाने दुसऱ्यांदा येऊन सगळा व्यवहार अर्ध्या तासात उरकला.

पुढे गावच्या जमिनीच्या वाटणीसाठी त्याला नवे मुखत्यारपत्र करायचे होते. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. दुसऱ्याने आपल्या वतीने दस्त नोंदवायला जायचे, तर ते मुखत्यारपत्र १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करावे लागते. नुसत्या नोटरीचे त्या कामाला पुरत नाही. पण आजारपणामुळे ज्याला कचेरीत जाणे अवघड आहे त्याला तिथे हजर राहण्याची सक्ती नाही. अधिकारी घरी येऊन खात्री करू शकतो किंवा कोणाला पाठवू शकतो. पाठीवर घालून जिने चढवत नेलेले म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांना हे कलम कोणी सांगितले नव्हते. परदेशात राहणाऱ्या मुलांना तिथून मुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर ते करता येते.

मुद्रांकाचे दर राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतात, ते कचेरीत विचारा. एवढे मात्र ध्यानात ठेवा की इथे कर्नाटकात केलेला कागद महाराष्ट्रातल्या मिळकतीसाठी वापरायचा तर तिथे मुद्रांकातला फरक भरावा लागतो, आणि कागद तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पुष्कळांची कामे इथेच अडतात.

आता बंगळूरचा खास आजार. या शहरात मुखत्यारपत्राचा उपयोग माणूस नेमण्यापेक्षा जागा विकण्यासाठीच जास्त झाला. त्याला कारण होते. विकास प्राधिकरणाची साइट मिळाली की दहा वर्षे विकायची नाही अशी अट असे. ज्याला पैशांची गरज पडली तो काय करी? पूर्ण किंमत घेऊन जी.पी.ए. लिहून देई. दुसरीकडे शेतजमिनीवर पाडलेल्या ‘रेव्हेन्यू’ साइट्स, ज्यांची नोंदणी व्हायची नाही, त्याही याच वाटेने विकल्या गेल्या. आपल्यापैकी कित्येकांनी ग्रॅच्युइटीचा पैसा घालून अशा जागा घेतल्या. मी कोणाला दोष देत नाही. कोरमंगला हे एके काळी शहराबाहेरचे खेडे होते, आज इथे एका दुकानाच्या भाड्यात आपले वर्षाचे पेन्शन जाईल. कामगाराला परवडणारी जागा सरळ मार्गाने मिळत नव्हती, म्हणून तो वाकड्या मार्गाने गेला.

पण ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात निकाल दिला: मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांच्या जुडग्याने मालकी हस्तांतरित होत नाही. स्थावराची मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते. कारण सोपे आहे, आणि ते मी मघाशी सांगितले त्याच कलमात आहे. मालक मेला की सामान्यतः मुखत्यारी संपली. ज्याने जागा ‘विकली’ त्याचे वारस दारात उभे राहिले की तुमच्या हातात राहते काय? तो करार आणि दिलेले पैसे, आणि त्यांच्यासाठी कोर्टाची पायरी. अशी जागा ज्यांच्याकडे असेल आणि मूळ मालक हयात असेल, त्यांनी आज घरी जाऊन पहिले काम खरेदीखताचे करावे. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा नातेवाइकाला कारभार पाहण्यासाठी वा आपल्या वतीने खरेदीखत करून देण्यासाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्रांना या निकालाने धक्का लागत नाही. निकालानंतर काही जणांनी घाबरून बायकोला दिलेली मुखत्यारपत्रेही रद्द केली होती, म्हणून हे सांगितले.

कोर्टाच्या कामासाठी मुखत्यार नेमला तर त्यालाही मर्यादा आहे. तो कागद दाखल करील, तारखेला उभा राहील. पण जे फक्त तुम्हालाच माहीत आहे त्याची साक्ष तुमच्याऐवजी तो देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात म्हटले आहे.

हयातीचा दाखलाही मुखत्याराला देता येत नाही, हे उघडच आहे. तुम्ही जिवंत आहात हे तुम्हीच दाखवायचे. आता मोबाइलवर चेहरा दाखवून ते काम होते, नोव्हेंबरच्या रांगा कमी झाल्या. आणि दवाखान्यात उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हा निर्णय तर या कागदाच्या कक्षेतच येत नाही. त्यासाठी वेगळा कागद आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली, २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावे. कर्नाटक सरकारने २०२५ च्या जानेवारीत त्याबाबत आदेश काढला. ज्यांना हा विषय घरात काढणे जड जाते त्यांना मी समजू शकतो, माझ्याही घरी अजून निघालेला नाही.

मग समज गेलेल्या माणसाच्या कारभाराचे काय? आजच्या कायद्यात याचे नीट उत्तर नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांसाठी प्रतिनिधी नेमू देतो, मालमत्तेसाठी नाही. बेशुद्धावस्थेतल्या माणसाच्या घरच्यांना उच्च न्यायालयात जावे लागते. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली त्यासाठी पद्धत घालून दिली: वैद्यकीय मंडळाचा अहवाल, महसूल अधिकाऱ्याची चौकशी, मग पालकाची नेमणूक आणि ठरावीक मुदतीने हिशेब. २०२४ साली मद्रासला एका बाईला आधी सांगण्यात आले होते की दिवाणी कोर्टात जा. मग खंडपीठाने तिला बेशुद्ध पतीची पालक नेमले आणि मिळकत विकायची परवानगी दिली. रोज इस्पितळाचे बिल वाढत असताना एका बाईने दोनदा न्यायालयात उभे राहायचे! ज्याच्याजवळ वकिलाची फी आहे त्याचे ठीक आहे.

आपले कलम २०१ ज्या इंग्रजी कायद्यावरून घेतले, त्या इंग्लंडने ही अडचण ओळखून १९८५ साली कायदा बदलला. समज गेल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र तिथे नोंदवता येऊ लागले. पुढे २००५ च्या कायद्याने ते आणखी पक्के केले. आपण अजून १८७२ मध्येच आहोत. मला वाटते, ही मागणी महासंघाने हातात घ्यावी. वेतनाच्या मागणीइतका तिला आवाज नाही, हे मला कळते. पण आपले निम्मे सभासद पुढच्या दहा वर्षांत निवृत्त होतील आणि त्यांची मुले जवळ नसतील. मागणी मांडताना दुसरी बाजूही मांडावी लागेल. समज गेलेल्या माणसाच्या नावाने सही करणारा माणूस ही धोक्याची गोष्ट आहे. त्याच्यावर नोंदणीचे आणि हिशेबाचे बंधन नसेल तर म्हातारे उघड्यावर येतील. पालकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ घालावे लागले ते उगाच नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळले नाही तर परत घेता येते, असे ते कलम आहे. घरोघरी काय चालते हे ते करणाऱ्यांना ठाऊक होते.

मुखत्यार कोणाला करावे, हे मला पुष्कळ जण विचारतात. मुलगा की मुलगी, भाऊ की मित्र. माझे उत्तर थोडे विचित्र वाटेल: जो हिशेब मागितल्यावर रागावत नाही त्याला करा. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागितल्यावर हिशेब देणे हे मुखत्याराचे कर्तव्यच आहे, ती काही मेहेरबानी नव्हे. “माझ्यावर विश्वास नाही का?” असे म्हणणारा माणूस कितीही जवळचा असला तरी त्याला सोडून द्या. आपण युनियनवाल्यांना हे नवे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ३६ होते, त्याप्रमाणे कामगार आपल्या वतीने बोलायला युनियनच्या पदाधिकाऱ्याला नेमत असे. ती मुखत्यारीच होती. आणि वार्षिक सभेत पावती-पुस्तक टेबलावर ठेवल्याशिवाय आपल्याला कोणी खुर्चीवर बसू दिले नाही.

कागद संपवायचा कसा, हेही शिकून घ्या. काम झाले की लेखी रद्द करा, मुखत्याराकडून मूळ प्रत परत घ्या, जिथे जिथे ती दाखवली त्या बँकेला, भाडेकरूला, कचेरीला कळवा. नोंदवलेले असेल तर रद्द केल्याचाही दस्त नोंदवा. कारण कायदा असा आहे की, रद्द झाल्याचे जोवर समोरच्याला कळत नाही तोवर त्याच्यापुरती मुखत्यारी चालूच राहते. माझ्या कपाटात दोन वर्षे पडलेला तो कागद आठवा. मी होतो म्हणून काही झाले नाही असे म्हणणार होतो, पण ते बरोबर नाही. दुसरे कोणी माझे कपाट उघडू शकले असते.

माझा सोबती त्यानंतर तीन वर्षे जगला. त्याचे नवे मुखत्यारपत्र माझ्याच नावे होते, एका कामापुरते, जमिनीची वाटणी आणि मोजणी. तो गेला त्या दिवशी सकाळी मला एका कचेरीत जायचे होते, पुढची तारीख होती. गेलो नाही. वाटेतून परतलो. तेराव्यानंतर त्याचा धाकटा भाऊ गावाहून आला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारले, मोजणीसाठी दिलेल्या पैशांचे काय झाले? आवाजात धार होती. मला राग आला नाही असे नाही. पण मी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. एस.टी.च्या तिकिटापासून तलाठ्याकडच्या उताऱ्याच्या फीपर्यंत सगळे तारीखवार, पावत्या टाचलेल्या. शेवटी शिल्लक तीनशे बेचाळीस रुपये, ते पाकिटात. भाऊ दीड तास वही वाचत बसला. मग वहिनींनी ती मागून घेतली आणि त्याला जेवायला वाढले.

ज्यांनी कागद बरोबर आणले असतील त्यांनी डाव्या बाजूच्या टेबलाशी थांबावे, आपले वकील मित्र साडेसातपर्यंत आहेत. मुखत्यारपत्राचा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये ठेवला आहे. त्यातला विक्रीचा अधिकार मी आधीच खोडून ठेवला आहे. ज्याला हवा असेल त्याने तो स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावा. आणि कोणी सही केलेले कोरे स्टँप कागद घेऊन आले असेल तर रांगेत उभे राहण्याआधी ते फाडून टाका.